एकही तक्रार नाही

"जावईबापू, आपल्या वेबसाइटचं हे पान उड्या का मारतंय?" गाद्यांच्या कारखान्याचे मालक स्क्रीनवर बोट आपटत म्हणाले. "लिंक दाबली की कसं अलगद सरकत खाली आलं पाहिजे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर उद्यापासून पॅकिंगला बसून गाद्यांना खोळी घाला."

खोळी घालायला जावयाची ना नव्हती. पण ही बातमी आधी बायकोला कळली असती आणि मग तिच्या सगळ्या बहिणींना. जन्मभर टोमणे!

सरकवण्याचं काम सोपं निघालं. कोडची एक ओळ टाकली आणि पान लोण्यासारखं चालायला लागलं. घोळ होता तो थांबण्यात. 'तक्रार' ही लिंक दाबली की पान झोकात खाली यायचं आणि जरा पुढेच जाऊन थांबायचं. तक्रारीचा फोन नंबर पानाच्या माथ्याला कायम चिकटलेल्या लाल पट्टीमागे गडप. समोर उरायची ती नुसती गादीवर लोळणारी सुंदरी.

ही पट्टी मालकांनी मोठ्या हौसेने करून घेतली होती. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आजवर एकही तक्रार नाही!'

जावयाला हसू फुटलं. ते त्याने खोकल्याआड लपवलं. मग पट्टीच्या उंचीएवढी जागा सोडून पान अलीकडेच थांबेल अशी सोय केली. नंबर लख्ख दिसायला लागला. नवं पान त्याने लगेच सगळ्यांसाठी चालू करून टाकलं.

जेवणाचा डबा बाजूला सारून मालकांनी लिंक दाबली. पुन्हा दाबली. लहान मुलासारखी दाबतच राहिले. "झकास! वाचलात तुम्ही," ते म्हणाले, तेवढ्यात टेबलावरचा फोन खणखणला. तक्रारींचा फोन. आजवर त्याच्यावरची फक्त धूळ पुसली जायची. मालकांनी ऐटीत स्पीकर लावला.

"तुमच्या गादीने माझ्या कमरेचा पार भुगा केलाय!" पलीकडून एक बाई कडाडल्या.

जावई ताडकन उभा राहिला. आवाज त्याने ओळखला होता. मालकांनी नाही.

"बाई, उगाच काहीतरी बोलू नका. आमच्या गादीबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही."

"अहो, येईल कशी? इतके दिवस मेला नंबरच दिसत नव्हता, आणि रात्री शेजारी पडून सांगावं तर तुम्ही घोरत असता!"