चोराच्या अकरा वाटा

लातूरच्या एका दाळमिलला पहारा किती लागतो, याचं गणित सुकन्या इंजिनिअरने कॉम्प्युटरवर मांडलं. चोर येईल अशा अकरा वाटा काढल्या, प्रत्येक वाट अडवून दाखवली आणि सांगितलं, कॅमेरे अन् गेटचं नवं कुलूप पुरे, वॉचमन नको.

वीस वर्षं त्याच गेटवर बसलेले खाजाभाई मालकाकडे गेले. "वैजनाथशेठ, एक दिस मला चोर होऊ द्या. गोदामाला हात लावला तर नोकरी ऱ्हाऊ द्या."

शेठ हसले. "हाव, या की! सापडलात तर मात्र घरी बसायचं."

दुसऱ्या दिवशी सुकन्या सकाळपासून कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर ठाण मांडून बसली. मिलचा हौद चार दिवसांपासून कोरडा होता. भर दुपारी टँकरचा हॉर्न वाजला, तशी ती स्वतःच पळत गेली, कुलूप उघडलं आणि टँकर थेट गोदामाजवळच्या हौदापर्यंत आणवला.

टँकरच्या मागून पाइप खांद्यावर घेऊन खाजाभाई उतरले आणि त्यांनी गोदामाच्या दारावर हलकेच थाप मारली.

 

"बेटा, वाटा लई भारी काढल्या तुम्ही, पण गणितात तहान धरायची ऱ्हायली बघा."