ओला हात

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि एका गोल खड्ड्यावर बोट ठेवलं. "काकू, तरुणपणीचा तुमचा टीबी केव्हाच बरा झाला. पण हा खड्डा मागे राहिला आणि आता त्यात बुरशी धरलीय. खोकताना रक्त येतं ते तिच्यामुळेच. थुंकीचा रिपोर्टही तेच सांगतो."

बुरशी! सरूकाकूंचा चेहराच उतरला. चाळीस वर्षं त्या लोणची घालून विकत आल्या होत्या. बुरशीचा ठिपका दिसला, की अख्खी बरणी उकिरड्यावर जायची आणि सुनेवर तोंडसुख घेणं सुरू व्हायचं, "ओला हात घातलास ना बरणीत?" मंदाकिनी ते खाली मान घालून ऐकायची.

"म्हणजे आता मला टाकूनच द्यायचं," काकू पुटपुटल्या.

डॉक्टरांना काही कळलं नाही. मंदाकिनीला कळलं. "आई, तुम्ही काय लोणचं आहात?" म्हणत ती डॉक्टरांकडे वळली. "औषध किती दिवस?"

"सहा महिने तरी. रोज जेवणाबरोबर, एकही दिवस न चुकवता."

दुपारी काकू हात धुऊन पानावर बसल्या. मंदाकिनीने औषधाची बाटली उचलली आणि झाकण उघडण्याआधी थांबली. पदराला तिने दोन्ही हात पुसले, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या केल्या, मगच कॅप्सूल काढून पुढे धरली.

ती घ्यायला काकूंनी हात पुढे केला आणि त्या बघतच राहिल्या. त्यांचाच हात ओला होता.