बारीक डोंगा

"पोरी, माणूस सोन्यासारखा हाये, पण त्याच्या घरी पयला मान कुत्र्याईचा. मांगून म्हणशील, आत्यानं सांगितलं नाही." धुरपताआत्या लग्नाआधीच बजावून गेली होती. वच्छला तेव्हा नागपूरच्या कॉलेजातून नुकतीच बी.ए. होऊन आलेली. ती खळखळून हसली होती. मुक्या जनावराचा कोणी हेवा करतं का?

आज वैनगंगेच्या घाटावर, बाळाला कडेवर घेऊन, ती तेच करत उभी होती.

तिचा नवरा जागेश्वर जंगलखात्यात रेंजर. दिवाळी झाली की नदीकाठचं जंगल बघायला तो डोंग्यातून निघे. राहुटी, शिधा, भुरी आणि शेरू ही दोन कुत्री, आणि आठ-आठ दिवस काठाकाठानं मुक्काम. जुना डोंगा कुजला, म्हणून आज कवडू ढीवराकडे नवा बघायला आले होते. "तूही चल," तो म्हणाला, तेव्हा वच्छलेनं ठेवणीतलं पातळ काढलं. कोण जाणे, या खेपेला आपल्यालाही नेणार असेल.

काठाशी दोन डोंगे होते, दोन्ही एकेका झाडाच्या खोडातून कोरलेले. एक रुंद, पसरट. दुसरा बारीक, शेंगेसारखा.

जागेश्वरनं आधी भुरीला रुंद डोंग्यात चढवलं. ती सगळीकडे हुंगून आली, मधोमध एक गिरकी घेतली आणि बसली. शेरू तिच्या पाठीला टेकला. डोंगा जागचा हललासुद्धा नाही.

"पसंत पडला जी साहेब," कवडू म्हणाला. "पोरगी पाह्यले आलेला पाव्हणाबी इतकं निरखून नाही पाहत."

वच्छलेला पाहायला आला होता, तेव्हा जागेश्वर पोहे संपायच्या आत उठला होता. इथं मात्र तो चिखलात गुडघे टेकून ऊन कुठून येईल ते बघत होता. "मधे चटईची सावली करून दे रे. भुरीला ऊन सोसत नाही."

"यात आम्ही मावू का हो, कवडू?" वच्छलेनं हळूच विचारलं. "मी आणि बाळ?"

"काऊन नाही मावणार, बाई? कुत्रे उतरले का झालं."

जागेश्वर मोठ्यानं हसला. "लेकराला घेऊन जंगलात, या थंडीत? वेडी आहेस का गं?"

तेवढ्यात भुरीनं पाण्यात उडी मारली, काठावर आली आणि वच्छलेच्या पुढ्यातच अंग झाडलं. पातळावर चिखलाचे शिंतोडे उडाले. जागेश्वर धावला. खांद्यावरचा पंचा काढून त्यानं भुरीला पुसायला घेतलं. "शहारली बघ बिचारी."

वच्छलेनं पदर नीट केला. "हा बारीक घ्या," ती म्हणाली.

"बारीक?"

"बघा ना कसा सळसळत जाईल. असलं रुंद धूड वल्हवून तुमचे खांदे दुखतात. रात्री तेल कोण चोळतं?"

कवडूनं डोकं खाजवलं. "चालाले मस्त हाये बाई, पण तो एकट्या माणसाचा डोंगा हाये. कुत्र्यानं कूस बदलली का सगळे नदीत."

"मग कुत्री राहतील घरी. मी सांभाळीन." आपला आवाज इतका गोड निघेल, असं तिलाही वाटलं नव्हतं.

जागेश्वर पंचा हातात धरून उभाच राहिला. "तू? भुरीला सांभाळशील?"

"का नाही? घरचीच ना ती."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "आणि मी समजत होतो, तुला ही आवडत नाहीत! बरंच झालं. तुझ्या नि बाळाच्या राखणीला राहतील. मग मला तिकडं घोर नाही."

"पण साहेब," कवडू चाचरला, "जंगलात मुक्काम, अन् संगं कोनीच नाही?"

"अरे, बाईसाहेबांनी निवडलाय," जागेश्वर म्हणाला आणि बारीक डोंग्यावर थाप मारली.

घरी जाताना वच्छला त्याच्या शेजारून चालत होती. कुत्री मागं.

सोमवारी तो गेला. रविवारी यायचा होता. रविवार गेला, पुढचा बाजारही भरून उठला. कवडू रुंद डोंगा घेऊन शोधायला गेला आहे, तोही अजून परतला नाही. भुरी घाट सोडत नाही. पुढं भाकर ठेवली की हुंगते, तोंड फिरवते आणि नदीच्या खालच्या अंगाला बघत बसते. सुरुवातीला त्या बघण्याचाही वच्छलेला संताप यायचा. नवरा माझा, आणि वाट ही बघते! आता बाळाला मांडीवर घेऊन तीही तिच्या शेजारी बसते.

घाटावर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती थांबवते. तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. "खालच्या अंगाला जात असाल, तर काठाकडं बघत जा हो. झाडाला बांधलेला बारीक डोंगा दिसला, तर तसेच पुढं जाऊ नका. वर चढा, राहुटीत डोकावून बघा, मोठ्यानं हाक मारा. त्यांची झोप फार जड आहे. आजवर कुत्री उठवायची."