कॉम्प्युटर उठवणारी बाई

वैदेही डबा संपवून हात धुवायला बाहेर गेली, तशी शमशाद तिच्या खुर्चीत बसली. महिनाभर त्या पोरीच्या पाठीमागून बघून कुठं काय दाबायचं ते तिला पाठ झालं होतं. कॉम्प्युटरनं किती वेळानं झोपायचं, या ओळीपुढं ‘नेव्हर’ लिहिलेलं होतं. तिथं तिनं पाच मिनिटं केलं, सगळं पहिल्यासारखं बंद केलं आणि आपल्या टेबलाशी येऊन अर्धी राहिलेली पोळी खाल्ली. 

दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. मुकुंदवाडीच्या पुढं नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या, पण नळ तिथवर पोचले नव्हते. तिकडं पाणी न्यायला शमशाद काम करायची त्या पाण्याच्या टाकीवरून टँकर भरून जायचे. छापील पावती असल्याशिवाय गेटवरचा माणूस गाडी पाइपाखाली लावू देत नसे, आणि पावती निघायची या एका जुन्या कॉम्प्युटरमधून. जरा कुणी हात लावला नाही की तो झोपायचा. मग माउस हलवा नाहीतर थापट्या मारा, पडदा काळा तो काळाच. बटण दाबून धरलं तर बंद व्हायचा आणि भरत आणलेली यादी जायची. फक्त शमशादला जमायचं. कीबोर्डची वायर काढायची, परत लावायची, थोडं थांबायचं आणि बटणाला नुसतं बोट टेकवायचं. सहा वर्षं सगळे तिलाच हाक मारत आले होते, “शमशादबाई, उठवा त्याला.”

वैदेही आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं त्याचं झोपणंच बंद केलं. टाकीचे मुख्य अप्पाराव सगळ्यांसमोर हसले होते. “पोरीनं दोन मिनिटांत केलं. आपण सहा वर्षं उठवतच बसलो!” शमशादही हसली होती. त्या दिवसापासून खिडकीवर वैदेही बसू लागली आणि शमशादकडं जुन्या पावत्यांचे गठ्ठे आले.

सुट्टी संपली. वैदेहीनं खिडकी उघडून माउस हलवला. पडदा काळा. तिनं परत हलवला, चार-सहा बटणं दाबून बघितली. खाली केशरी दिवा शांतपणे उघडझाप करत होता.

खिडकीशी पहिला नंबर टँकरवाल्या सांडूचा होता. “ताई, जरा लवकर करा. दवाखान्याची गाडी हाय. रक्त साफ करायच्या मशिनी पाण्यावाचून बंद पडल्यात. पेशंट बसून हायेत तिथं.”

“दोन मिनिटं, काका.”

शमशाद गठ्ठा बांधत राहिली. वैदेहीच्या मानेवर घाम आलेला तिला इथून दिसत होता. आता हाक मारील, आता मारील. दवाखान्याचं नाव ऐकून तिचे हात थांबले होते, पण ती उठली नाही.

“शमशादताई,” वैदेही वळली. “तुम्हीच बघा. मला नाही जमत.”

याच एका वाक्यासाठी तिनं हे केलं होतं. ती सावकाश उठली, सगळ्यांना दिसेल अशी. वायर काढली, लावली, थांबली, बोट टेकवलं.

काही झालं नाही.

तिनं पुन्हा केलं. दिवा तसाच. बाहेर सांडूचा फोन वाजला. “नाय ना निघालो अजून! पावतीच निघंना. व्हय, कळतंय मला...” तो खिडकीपासून लांब जात ओरडत होता. शमशादनं घाईघाईनं परत वायर काढली. वायरचं टोक भोकात बसेना, तेव्हा वैदेहीनं तिचा हात धरून ते नीट बसवून दिलं.

“चल रे, उठ ना,” शमशाद पुटपुटली. डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिसऱ्या खेपेला आत पंखा घरघरला. पडदा उजळला. यादी शाबूत होती. वैदेहीनं आधी सांडूची पावती काढली, मग सेटिंग उघडलं. पाच मिनिटं. दोघींनी एकदमच ते वाचलं.

अप्पाराव दारात आले. “हे परत झोपलं कसं? कुणी हात लावला?”



“माझ्याकडूनच झालं, सर,” वैदेही पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “सकाळी काहीतरी बघत होते, त्यात बदललं गेलं. शमशादताईंनी उठवला म्हणून बरं.”

“बघा बाई, तुमच्याशिवाय चालत नाही,” अप्पाराव म्हणाले आणि निघून गेले.

शमशादला ते वाक्य नकोसं झालं. वैदेहीच्या जागी आपण असतो आणि हे तिनं केलं असतं, तर तिचं नाव सांगून मोकळ्या झालो असतो, हे शमशादला पक्कं माहीत होतं. ती खुर्चीशी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, “ते मी बदललं होतं.”

“माहीत आहे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

वैदेहीनं पहिल्यांदाच तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, उपकारही नव्हता. होती ती फक्त घाई.

“सांगून काय, ताई? सतरा गाड्या उभ्या आहेत.”

आणि खिडकीकडं तोंड करून तिनं आवाज दिला, “हं, पुढचे कोण?”