कुलूपबंद तेरा घरं

म्हातारी दारात येऊन उभी राहिली आणि मोजणीसाहेबांना तोंड चुकवायला जागाच उरली नाही. सहा वर्षं ती दर महिन्याला कचेरीच्या खिडकीशी येत होती, आणि सहा वर्षं साहेब तिला लांबून पाहिलं की मागच्या जिन्याने चहाला पळत होते. पण आज शेवटची सुनावणी. वरचे अधिकारी नेमके रजेवर, म्हणून खुर्चीत बसायचं आलं यांच्याच वाट्याला. घ्या आता!

प्रकरण साधं होतं. धरणाच्या पाण्याखाली गाव जाणार म्हणून घरांची मोजणी झाली. त्या दिवशी जे घर राहतं दिसलं, त्याला नव्या वसाहतीत प्लॉट. डोंगरावरच्या वस्तीतल्या तेरा घरांपुढे शेरा पडला, ‘कुलूप. राहते नाही.’ गाव बुडालं, खालच्यांना प्लॉट मिळाले, आणि ही तेरा बिऱ्हाडं रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पडली. आज अर्ज फेटाळला गेला की शेडही पाडणार होते.

शेऱ्याखाली सही साहेबांची होती, आणि ती वस्ती त्यांनी धड डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. वर जायला निघाले, अर्ध्या चढणीवर ऊन लागून कोसळले, ते जागे झाले थेट दवाखान्यात. खालच्या गावात मोजणी करत असलेल्या जोडीदाराने वरची घरं दुसऱ्या दिवशी उरकली. आठवड्याने त्याने कागद आणून दिले आणि साहेबांनी पडल्या पडल्या, न वाचता सही ठोकली.

पुढे त्यांनी जोडीदाराला खोदून विचारलं. तो म्हणाला, कुलपं होती ती होती, मी काय पदरचं लिहिलं? बरोबरच आहे, असं म्हणून साहेबांनी कानाडोळा केला. लाज मात्र जाईना. घरी जेवताना मध्येच घास थांबायचा, बायको विचारायची काय झालं, आणि हे म्हणायचे काही नाही.

त्यांनी म्हातारीला बसायला सांगितलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली. फाइलीत तिचं इतक्या वर्षांचं म्हणणं एका ओळीचं होतं, आम्ही तिथंच राहत होतो.

“आजी, त्या दिवशी दारं बंद होती का उघडी? खरं सांगा.”

“बंद होती.”

ही बाई आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणार, असं साहेबांना वाटलं. नियमात एक पळवाट होती, ती त्यांनी तिला समजावून सांगितली. घरातले सगळे एखाद्या आजाऱ्याला घेऊन गेले असतील, तर घर राहतं धरता येतं. काही असेल तर सांगा, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. जवळजवळ विनवण्याच करत होते.

म्हातारी म्हणाली, आजारीच होता एक जण. गाडीरस्ता तेव्हा नव्हता, दवाखाना दिवसभराच्या चालीवर. पुरुषमाणसं पाळीपाळीने खाट उचलत होती, बायका पाणी घेऊन बरोबर, आणि पोरं मागे कुणापाशी ठेवणार म्हणून तीही. दुसऱ्या रात्री परतलो, तोवर मोजणी उरकली होती.

साहेबांच्या छातीवरचं ओझं एकदम हलकं झालं. आणि लगेच रागही आला.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“केलेलं बोलून दाखवू नये. त्या माणसाला खाली बघावं लागलं असतं.”

“तेरा घरं उघड्यावर पडली, आणि तुम्हाला त्याची काळजी?” साहेबांनी पेन उघडलं आणि कागद पुढे ओढला. “नाव सांगा त्याचं. आत्ता लिहितो.”

म्हातारीने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“नाव कसं कळणार, साहेब? तुम्ही शुद्धीवरच नव्हता.”