चांगुणाचा कान

डायलिसिससाठी माझ्या हातातली शीर धमनीला जोडली आहे. सुयांनी तिचं आतलं अस्तर दुखावून जाड झालं, तर रक्ताची वाट बुजते, म्हणून तिची थरथर रोज तपासायची. त्या सकाळी मी दवाखान्याच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे बोट लावलं, ठीक वाटलं. चांगुणा, माझी बायको, पाइपावर हात ठेवून विहिरीचं पाणी जोखणारी. तिने माझा हात कानाशी धरला. "धार बारीक झालीय. नगरला चला." "पुस्तिकेत तर..." "ती मिटा अन् चपला घाला." नगरला डॉक्टरांनी तपासलं. शीर आतून आवळली होती. दोन दिवसांत बंदच पडली असती. त्यांनी शिरेत बारीक फुगा घालून फुगवला आणि ती रुंद केली. दुपारी डायलिसिसच्या खोलीत चांगुणाने पुन्हा कान लावला. "आता लई जोरात हाय," ती हसली. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी लाजत हात पुढे केला. "वहिनी, आमचंबी बघता?" पलीकडच्या खाटांवरही बाह्या वर सरकल्या.