कोरी जागा

लाकूड घासताना उडणारी भुकटी घरात जाऊ नये, म्हणून बुवापाड्यातला रावजी सुतार पडवीच्या दाराला ओलं गोणपाट टांगायचा. त्याच्या बायकोला, विठाला, सातवा महिना होता आणि भुकटीने ती खोकून बेजार व्हायची.

कॅम्पातल्या सिंधी शेठाणीचा पाळणा तयार होत आला होता. तोल बघायला रावजीने त्याला एक झोका दिला. कड्या कुरकुरल्या.

"अहो, रिकामा पाळणा हलवू नये," आतून विठा म्हणाली.

"पारखायला नको?"

त्या दुपारी पडवीभर भुकटी बसली. पाळण्यात मात्र वीतभर जागा कोरी राहिली. वारा असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने पडवीपुढे ताडपत्री सोडून घासलं. जागा तेवढीच कोरी.

तिसऱ्या दुपारी पाळण्यात सगळीकडे सारखी भुकटी बसली. रावजीचा जीव भांड्यात पडला. विठाला सांगायला त्याने गोणपाट बाजूला केलं. ते अजून चिंब होतं.

तरीही भिंतीला टेकून झोपलेल्या विठाच्या केसांवर, पदरावर भुकटीचा थर होता. मांडीवरची वीतभर जागा तेवढी कोरी होती. आणि झोपेतच तिचा हात त्या जागेच्या चार बोटं वर, हवेत थोपटत होता.